नेम किती करावा
(शताब्दी वर्षाच्या रामनवमी सप्ताहात झालेले भाषण)

माऊली हो, मंडळींनी सांगितलं की आज कीर्तन नको, नुसतं बोला. दिंडीला शंभर वर्षं झाली, तरुण पोरं बसलीत, त्यांना चार शब्द सांगा. माझं शिक्षण चौथी. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला गेले आणि मी गुरामागं गेलो. सुकडी खाऊन वाढलेला माणूस मी. तेव्हा शास्त्र सांगायचं झालं तर इथं माझ्यापेक्षा मोठी माणसं बसलेली आहेत. मी माझं चुकलं कुठं तेवढं सांगतो.

तेविसाव्या वर्षी पंढरपुरात माळ घातली. आषाढीचा दिवस, चंद्रभागेत अंघोळ झालेली, कळसाचं दर्शन झालेलं, डोळ्यांत पाणी. अशा वेळी माणसाला वाटतं, काय वाट्टेल ते करीन. मी तिथंच नेम धरले. सकाळ-संध्याकाळ पुरा हरिपाठ, ज्ञानेश्वरीचा रोज एक अध्याय, तंबाखू बंद, पहाटे चारला उठायचं, आणि कुणावर रागवायचं नाही. ज्याला एक ओळ वाचायला बोट लावावं लागतं त्यानं रोज एक अध्याय वाचायचा! अठरावा अध्याय केवढा आहे हेसुद्धा तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

पोळ्यापर्यंत चाललं. मग सुगी आली, रात्रीची राखण आली. आधी अध्याय सुटला, मग हरिपाठ. तंबाखूची पुडी परत कोपरीच्या खिशात आली. आणि एकदा मन म्हणायला लागलं की मोडलंच आहे तर आता काय राहिलं, की मग थारा नाही. गावच्या जत्रेत मित्रांच्या पंगतीला बसलो आणि माळकऱ्यानं जे खाऊ नये ते खाऊन आलो. घरी येऊन माळ काढली, खुंटीला अडकवली. दोन वर्षं वारी नाही. दिंडी गावातनं निघायची त्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या शेतात जायचो. टाळाचा आवाज तिथंही यायचा.

तिसऱ्या वर्षी आपले म्हातारे विणेकरी माझ्या विहिरीवर आले. त्यांना सगळे आबा म्हणायचे. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. ते विहिरीत डोकावले आणि म्हणाले, "यंदा कांदा किती लावतोस?" मी म्हणालो, दहा गुंठे. "का? श्रावणात तर विहीर तुडुंब होती." मी म्हणालो, आबा, श्रावणातलं पाणी बघून कोण लावतो? चैत्रात किती उरतं ते बघून लावायचं. तर म्हणाले, "मग नेम का रं श्रावणातलं पाणी बघून केलास?"

बोलायला जागाच ठेवली नाही. आपण कोरडवाहू माणसं, आपल्याला हे बी-बियाण्याला कळतं, पाण्याला कळतं, आणि स्वतःच्या बाबतीत कळत नाही. पंढरपुरातला दिवस हा मनाचा श्रावण. नेम मापायचा तो अडचणीच्या दिवसावर. पोरगं तापानं फणफणलंय, मोटर जळालीय, सोसायटीची नोटीस आलीय, त्या दिवशीसुद्धा जे होईल तेवढंच धरायचं. जास्त झालं तर देवाची कृपा, पण हिशेबात धरायचं नाही.

आबांनी मला महिन्याला एकच अभंग दिला. म्हशीची धार काढताना म्हणायचा, दुसरी वेळ नाही. धार काही चुकत नाही, म्हणून अभंगही चुकायचा नाही. हरिपाठाचे अभंग २७, म्हणजे सव्वादोन वर्षं. गंमत अशी झाली की माझ्या आधी घरच्या मंडळींचा पाठ झाला. त्या शेण काढायच्या आणि ऐकायच्या. अक्षर ओळख नाही, पण मी कडवं गाळलं की गोठ्याच्या पलीकडनं आवाज यायचा, "मधलं राहिलं!" माझा नेम अर्धा त्यांनी राखला, हे इथं सांगायला मला लाज नाही. पोरांनो, नेम घरात एकाला तरी सांगून ठेवा. गुपचूप केलेला गुपचूप मोडतो.

आणि मध्ये चुकलं नाही असं नाही. वडील गेले तेव्हा पंधरा दिवस तोंडातनं शब्द आला नाही. मग ठरवलं की साठलेले सगळे एकदम भरून काढू. आबा म्हणाले, नेमाला सावकारासारखं व्याज लावू नको. चुकला तो दिवस गेला, आजचा तेवढा म्हण. पुढं तंबाखू सुटली तीही अशीच. आधी फक्त धारेच्या वेळेला नाही, मग दुपारपर्यंत नाही. पुरी सुटायला चार वर्षं गेली. एका दिवसात सोडणारे लोक आहेत, त्यांना नमस्कार. मी त्यातला नाही.

वारीचंच बघा ना. आळंदीहून पंढरपूर दोनशेच्या वर किलोमीटर, पण चालणारा मनात पंढरपूर धरतो आणि पायात फक्त पुढचा विसावा धरतो. पुणे ते सासवड सगळ्यांत लांबचा टप्पा, वर दिवे घाट. तिथं ज्यानं वाखरी किती लांब म्हणून विचार केला तो घाटातच बसला.

आता खरं दुखणं सांगतो. गेल्या साली माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, पायी वारी बंद. मी त्यांना सांगितलं, शताब्दीची वारी पुरी चालणार, मग पाय राहिला नाही तरी चालेल. फार ताठ्यानं सांगितलं. घरी आल्यावर घरच्या मंडळी एवढंच म्हणाल्या, "परत श्रावणातलं पाणी का?"

चार दिवस मी कुणाशी बोललो नाही. पस्तीस-चाळीस वर्षं चाललेल्या माणसानं सामानाच्या ट्रकमध्ये बसायचं, वरनं लोकांनी "महाराज, बसा बसा" म्हणायचं, हे सोपं नाही. पण तोच गर्व, दुसरं काय! तेविसाव्या वर्षी अध्यायाचा होता, आता पायाचा आहे.

तर यंदा असं ठरवलंय. ट्रकमध्ये बसायचं. सकाळच्या पहिल्या विसाव्यापर्यंत जमेल त्या दिवशी चालायचं, नाही जमलं तर नाही. आणि शेवटचा वाखरी ते पंढरपूर टप्पा तेवढा पायी. वीणा यंदा दुसऱ्याच्या गळ्यात जाईल, मी त्याला तसं सांगितलंय.

आषाढीला अजून तीन महिने आहेत. आज पहाटे देवळापासून ओढ्यापर्यंत जाऊन आलो. गुडघा ठणकला नाही. उद्या ओढा ओलांडावासा वाटेल, पण ओलांडायचा नाही. पौर्णिमेपर्यंत ओढ्यापर्यंतच.

राम कृष्ण हरि.