क्षयरोगाचे निदान आणि प्रयोगशाळेतील वेळेचा हिशेब



२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे डॉ. रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. विसाव्या शतकाच्या मध्यास या रोगावर गुणकारी औषधेही उपलब्ध झाली. तरीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगातील नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात होते. रोग ओळखता येतो, बराही करता येतो. मग अडते कोठे? अडण्याच्या अनेक जागांपैकी एक जागा म्हणजे प्रयोगशाळा होय.

प्रयोगशाळेची कार्यक्षमता केवळ यंत्राच्या वेगावर ठरत नाही. रुग्णाने नमुना दिल्यापासून औषधाची पहिली मात्रा त्याच्या पोटात जाईपर्यंत किती दिवस लोटले, हा खरा हिशेब आहे. निदान न झालेला रुग्ण त्या प्रत्येक दिवशी घरातील मुलाबाळांमध्ये खोकत असतो.

पहिली चूक नमुन्यापासूनच होते. छातीतून आलेल्या बेडक्याऐवजी रुग्ण नुसती लाळ देतो आणि पुढील सर्व श्रम वाया जातात. रुग्णाला दोन मिनिटे नीट समजावून सांगणे हा यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. तसेच नाव व क्रमांक डबीच्या झाकणावर न लिहिता डबीच्या अंगावर लिहावेत. झाकणांची अदलाबदल झाली, तर एकाचा अहवाल दुसऱ्याच्या नावावर जातो.

दुसरी बाब कामाच्या भाराची. पारंपरिक पद्धतीत काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. जंतू नाहीत असे म्हणण्यापूर्वी तंत्रज्ञाला किमान १०० दृष्टिक्षेत्रे पाहावी लागतात. म्हणून एका तंत्रज्ञाने दिवसात २० ते २५ पेक्षा अधिक काचपट्ट्या तपासू नयेत, असा संकेत आहे. याहून अधिक काम लादल्यास आकडे वाढतात, परंतु रुग्ण निसटतात.

डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेले, आपल्याकडे ‘सीबीनॅट’ म्हणून परिचित असलेले तंत्र दोन तासांच्या आत निदान करते आणि रिफाम्पिसिन या प्रमुख औषधाला जंतू दाद देतो की नाही, हेही सांगते. गोव्यातील कंपनीने विकसित केलेल्या व बॅटरीवर चालणाऱ्या ‘ट्रूनॅट’ यंत्राच्या वापराची शिफारस संघटनेने २०२० मध्ये केली. ही प्रगती निश्चितच अभिमानास्पद आहे.

परंतु यंत्राचेही गणित असते. चार कप्प्यांच्या सीबीनॅट यंत्रात आठ तासांत फार तर सोळा नमुने तपासता येतात. गावोगावचे नमुने जर दुपारी एकदमच येऊन पोहोचले, तर सकाळी यंत्र रिकामे राहते आणि सायंकाळी रांग लागते. नमुने आणणाऱ्या गाडीची वेळ बदलल्याने जे साधते, ते कधीकधी दुसरे यंत्र घेऊनही साधत नाही. त्यातच वीज गेली, खोली तापली, वार्षिक तपासणी राहिली किंवा काडतुसांची मुदत संपली, की लाखोंचे यंत्र शोभेची वस्तू बनते. ज्याची मुदत आधी संपणार ते आधी वापरावे, हा कोठाराचा साधा नियम येथेही तितकाच मोलाचा आहे.

शेवटचा टप्पा अहवालाचा. दोन तासांत तयार झालेला अहवाल टेबलावर आठ दिवस पडून राहिला, तर त्या वेगाचा रुग्णाला काय उपयोग? रुग्णाचा दूरध्वनी क्रमांक व पूर्ण पत्ता नोंदवणे, दोष आढळताच त्याच दिवशी उपचार केंद्रास कळवणे आणि नमुना कधी आला, अहवाल कधी गेला याची दररोज नोंद ठेवणे, एवढी शिस्त तरी प्रत्येक प्रयोगशाळेला पाळता येईल.

समाजातील दानशूर व्यक्ती रुग्णालयांना यंत्रे भेट देतात, हे स्तुत्यच आहे. मात्र यंत्राबरोबर त्याची देखभाल, अखंड वीजपुरवठा, नमुन्यांची वाहतूक आणि तंत्रज्ञाचे वेतन यांचीही तरतूद व्हावयास हवी. अशा खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. पण रुग्णाच्या हाती अहवाल वेळेवर पडतो, तो याच खर्चामुळे.