सॉफ्टवेअरची निवड आणि संस्थेची जबाबदारी

(पतसंस्थांचे संचालक व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेले भाषण)



 आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत लागलेले कारकून आहोत. परंतु सॉफ्टवेअर लिहिणारा वेगळा आणि त्यावर दिवसभर काम करणारा वेगळा. पासबुक घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला उत्तर आम्हालाच द्यावे लागते. त्या खिडकीच्या आतून जे दिसते, तेवढेच आपल्यापुढे मांडणार आहोत.

आपल्यापैकी अनेक जण पतसंस्थांमध्ये संचालक, सचिव किंवा व्यवस्थापक आहेत. कोठे जुने सॉफ्टवेअर बदलायचे आहे, कोठे पिग्मीसाठी नवे घ्यायचे आहे. असा विषय मंडळाच्या सभेत आला की तीन कोटेशन मागवली जातात, सर्वांत कमी रकमेचे मंजूर होते आणि ठराव लिहिला जातो. टेबल-खुर्च्या घ्यायच्या असतील तर ही पद्धत ठीक आहे. सॉफ्टवेअर मात्र एकदा घेऊन संपत नाही. ज्याच्याकडून ते घेतो त्याच्याशी पुढची पाच-दहा वर्षे संसार करावा लागतो. म्हणून आपण येथे विक्रेता निवडत नसून भागीदार निवडत असतो, हे आधी मनाशी धरले पाहिजे.

शिवाय पैसा कोणाचा आहे, याचा विचार करावा. भाजी विकणाऱ्या मावशींची रोजची पिग्मी, सफाई कामगाराला निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव, असा तो पैसा असतो. बँकेतील ठेवीला ठरावीक मर्यादेपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. तेथे सभासदाला आधार दोनच, संस्थेची नोंद आणि संस्थेची पत. नोंद बिघडली तर पत टिकत नाही.

पहिली गोष्ट अशी की, कंपनीला बोलावण्यापूर्वी आपले काम आपण कागदावर लिहून काढावे. एक उदाहरण देतो. ५०,००० रुपये कर्ज, १२ टक्के दर, मुदत एक वर्ष. मूळ रकमेवर सरळ व्याज धरले तर ६,००० रुपये होतात. घटत्या शिलकीवर समान मासिक हप्त्याने आकारले तर हप्ता सुमारे ४,४४२ रुपये बसतो आणि वर्षाचे व्याज सुमारे ३,३०९ रुपये होते. फरक २,६९१ रुपयांचा! संगणक दोन्ही उत्तरे बिनचूक देईल. आपल्या पोटनियमांप्रमाणे आणि कर्जरोख्याप्रमाणे कोणते उत्तर खरे, हे त्याला आपणच सांगावे लागते. दंडव्याज कधीपासून, मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीला कोणता दर, हप्त्याच्या अपुऱ्या रकमेतून आधी व्याज वळते करायचे की मुद्दल, हे सारे लिहून मंडळाने मंजूर करावे. हे काम कंपनीच्या तरुण मुलावर सोपवले तर तो दुसऱ्या एखाद्या संस्थेचा नियम आपल्या गळ्यात घालील. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, रंगीत तक्ते दाखवतो, आणि सारे सुरळीत चालते, कारण आकडे त्याचे असतात. आम्ही असे सुचवतो की, आपल्या वह्यांतून वीस अवघड खाती आपण निवडावी. मयत सभासदाचे वारसनोंद असलेले खाते, अज्ञान मुलाच्या नावाची ठेव, दोन कर्जांना एकच जामीनदार, मध्येच मोठी रक्कम भरलेले कर्ज, चुकीच्या खात्यात जमा होऊन नंतर उलटवलेली नोंद. सभासदांची नावे झाकून ही खाती त्याच्याकडून आपल्यासमोर भरून घ्यावी आणि रोजकीर्द, खतावणी, तेरीज काढायला सांगावी. तेरीज जुळते का, व्याज आपल्या हिशेबाशी मिळते का, हे आपल्या लेखनिकाने पाहावे. या एका दुपारी जे कळते, ते माहितीपत्रकातून कधीच कळत नाही.

त्याच दिवशी आणखी एक मागणी करावी. भरलेली सगळी माहिती एक्सेलमध्ये काढून आपल्या पेनड्राइव्हवर द्या, असे म्हणावे. जो लगेच देतो त्याच्याशी पुढे बोलावे. जो कारणे सांगतो, त्याच्याकडे आपल्या वह्या अडकून पडणार हे ओळखावे. भागीदार असा निवडावा की, उद्या पटले नाही तर त्याच्यापासून वेगळे होता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट चौकशीची. कंपनीने दिलेल्या यादीतील दोन-तीन संस्थांत आपण स्वतः जावे, कंपनीच्या माणसाला बरोबर नेऊ नये. तेथे चेअरमनसाहेबांबरोबर चहा जरूर घ्यावा, पण प्रश्न खिडकीवरच्या मुलीला विचारावा. ३१ मार्चला रात्री किती वाजले, फोन केल्यावर माणूस किती वेळाने येतो, हे तीच सांगेल. ज्या संस्थेने ही कंपनी सोडली अशी एखादी सापडली, तर तिला अवश्य भेटावे. निघताना आपली माहिती सुखाने मिळाली का, हे तेथेच कळते.

किमतीचा हिशेब पाच वर्षांचा करावा. समजा, एकाचे कोटेशन ६०,००० रुपयांचे आहे आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे दर वर्षी ३०,०००. दुसऱ्याचे १,१०,००० रुपयांचे आहे आणि देखभाल १२,०००. पाच वर्षांत पहिला १,८०,००० ला पडतो आणि दुसरा १,५८,००० ला. स्वस्त वाटणारा महाग निघाला! आणि स्पर्धेत एखाद्या संचालकाच्या भाच्याची किंवा मेहुण्याची कंपनी असेल, तर त्या संचालकाने ते उघड सांगून त्या चर्चेतून बाजूला व्हावे व तशी नोंद इतिवृत्तात करावी. भाचा हुशार असू शकतो, परंतु सभासदाच्या मनात किंतु राहता कामा नये.

चौथी गोष्ट कराराची. लहान संस्थेने शक्यतो चालू असलेले तयार सॉफ्टवेअर घ्यावे आणि जेथे आपले काम खरोखरच वेगळे आहे, तेवढेच खास करून घ्यावे. बाहेरच्या व्यावसायिकाकडून खास लिहून घेतले की, आपण पैसे मोजले म्हणून ते आपले झाले, असा समज असतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृतीच्या वर्गात मोडते. सही केलेल्या लेखी हस्तांतरणाशिवाय तिचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याकडेच राहतो, आणि त्या लेखात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणून मूळ आज्ञावली कोणाची, कंपनी बंद पडली तर ती आपल्याला कशी मिळणार, हे लिहून घ्यावे. माहितीची मालकी संस्थेची, करार संपताच ती पूर्ण परत मिळेल व कंपनीकडील प्रत नष्ट केली जाईल, हेही स्पष्ट असावे. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिला ताळेबंद जुळल्यावर द्यावा.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये बँकांच्या संगणकीय कामाबाबत निर्देश काढले, त्यात हेच तत्त्व होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही बाहेर दिलेल्या कामाची जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवली आहे. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार थांबले. खातेदार मात्र जाब विचारायला आपल्या शाखेतच गेला असणार. कंपनीचे नाव त्याला कोठून ठाऊक?

याहून बोलकी हकिकत ब्रिटनची आहे. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा शाखाशाखांत बसवली. ती फुजित्सू या कंपनीच्या मालकीच्या आयसीएलने तयार केली होती. यंत्रणा तूट दाखवू लागली आणि शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्टरांना ती खिशातून भरावी लागली. ते सांगत होते की, आम्ही पैसे घेतले नाहीत. परंतु संगणकावर विश्वास ठेवला गेला, माणसावर नाही. ९०० हून अधिक जणांना न्यायालयांनी दोषी ठरवले, काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली. कंपनीच्या लोकांना दुरून शाखेच्या हिशेबात शिरता येते, हेही पोस्ट खाते अनेक वर्षे नाकारत राहिले. अखेर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचे मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

बंधू-भगिनींनो, आम्ही कारकून मंडळी ही हकिकत वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. रोकड कमी आली की पहिले बोट आमच्याकडेच वळते. म्हणून आपल्या संस्थेत निदान एवढे करावे. किमान एक महिना जुनी व नवी पद्धत बरोबर चालवून रोजची तेरीज ताडून पाहावी. कोणी, केव्हा, कोणती नोंद बदलली याचा माग राहिला पाहिजे, मग बदलणारा कंपनीचा माणूस असो की आपला व्यवस्थापक. कंपनीने दुरून शिरायचे असेल तर परवानगी घेऊन आणि नोंद करून. माहितीची एक प्रत संस्थेबाहेर सुरक्षित ठेवावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडते का, हे तीन महिन्यांतून एकदा पाहावे. आणि सभासद किंवा कर्मचारी म्हणाला की आकडा चुकला आहे, तर 'संगणक चुकत नाही' असे उत्तर देऊ नये. व्हाउचर काढून पाहावे.

नवे तंत्र आपण घेतलेच पाहिजे. ते घेताना हिशेब समजणारा एक तरी माणूस आपल्या घरचा असावा, मंडळाने प्रश्न विचारावेत, आणि भाजीवाल्या मावशींनी पासबुक पुढे केले तर त्यातली प्रत्येक ओळ आपल्याला समजावून सांगता यावी. जो भागीदार आपल्याला हे करू देतो, तो निवडावा.