चरातला गाळ, आपल्याच रानाची माती

भाकरी टाकता टाकता ऐकत असाल, तर हातातलं काम चालू द्या आणि ऐका. आज बोलायचंय शेतातल्या चराबद्दल.

तुम्ही म्हणाल, आपला धाराशिव जिल्हा दुष्काळी. टँकरची वाट बघणाऱ्यांनी पाणी बाहेर काढायच्या चराची काळजी कशाला करायची? मीही तेच म्हणायचे. पण २०२५ चा सप्टेंबर आठवा. भूम, परंडा भागात नद्या-ओढे पात्राबाहेर आले, जमिनी खरडून गेल्या. आमचं रान नदीपासून लांब. तिथं पूर आला नाही, तरी खालच्या कोपऱ्यातलं अर्धा एकर सोयाबीन गेलं. वाफसाच होईना. मुळं कुजली, पानं पिवळी पडली. पीक गेलं, पण बियाण्यासाठी गटातून उचललेल्या कर्जाचा हप्ता काही गेला नाही. तो भरावाच लागला.

पाणी ओसरल्यावर सासूबाईंनी चरात खोरं मारून दाखवलं. गुडघाभर खोल चर वीतभरच उरला होता. मला नवल वाटलं, कारण मे महिन्यात तो आम्हीच साफ केला होता. मग चूक कळली. काढलेली माती आम्ही चराच्या काठावरच टाकली होती. पहिल्या दोन पावसांत ती परत आत आली. आणि चर जिथं नाल्याला मिळतो, ते तोंड तर उघडलंच नव्हतं.

गाळ बसतो कसा, ते बघा. गढूळ पाण्याचा हंडा रात्रभर ठेवला की सकाळी तळाला माती दिसते. चराचंही तसंच. पाणी पळतं तोवर माती सोबत नेतं. उतार कमी झाला, वळण आलं, तळात लव्हाळा माजला की पाणी मंदावतं आणि माती तिथंच सोडतं. आपल्या काळ्या रानात पाणी आधीच हळू मुरतं. त्यात चर तुंबला, तर ते जाणार कुठं?

तेव्हा मृगाच्या आधी, माती कोरडी असताना, एवढं करू.

पहिलं, काम खालच्या टोकापासून सुरू करायचं. आधी नाल्याकडचं तोंड मोकळं करायचं, मग वर वर यायचं.

दुसरं, तळातलं गवत काढायचं, पण दोन्ही बाजूंच्या उतारावरची हरळी ठेवायची. ती काठ धरून ठेवते. काठ उघडा पडला की ढासळतो.

तिसरं, चर नाल्याला मिळायच्या आधी दोन-तीन फुटांचा एक खड्डा घ्यायचा. पाणी तिथं थबकतं, गाळ खड्ड्यात पडतो. सगळा चर उपसण्यापेक्षा खड्डा उपसणं सोपं. लेकरं जात-येत असतील तर खुणेला काठ्या रोवा. पावसानं उघडीप दिली की तो रिकामा करा.

चौथं, गाळ काठावर टाकायचा नाही. तो आपल्याच रानाचा वरचा थर आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली सुरू झाली, तेव्हापासून लोक तलावातला गाळ ट्रॅक्टरनं रानात नेतात. आणि घरचा गाळ आपण वाया घालवतो! लव्हाळ्याच्या गाठी वेचून तो वरच्या मुरमाड भागावर पसरा. नुसती वाळू असेल तर मात्र रानात टाकू नका.

आणि पेरणी उताराला आडवी करा. माती वरच अडली, तर चरात कमी येते.

आता नाजूक गोष्ट. चर एकाचा, तोंड दुसऱ्याच्या बांधाला, म्हणजे भांडण आलंच. आधी बसून बोला, आपलं पाणीही दुसऱ्याच्या पिकात सोडू नका. पण कुणी बेकायदा भराव टाकून पाण्याची नैसर्गिक वाट अडवली आणि त्यानं शेताचं नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायचं, हे लक्षात ठेवा.

सातबारा कुणाच्याही नावावर असो, पाणी कुठं साचतं हे खुरपायला जाणारीलाच आधी कळतं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हा विषय काढा. एका ओळीतली चार-पाच रानं धरा, दहा जणी मिळून सगळ्यात खालच्या रानापासून लागा. एकटीनं वरचा चर उपसला आणि खालचा तुंबलेला राहिला, तर दोघींचंही पीक पाण्यात.

आम्ही यंदा तसंच करणार आहोत. येते मी. नमस्कार.