मिसर देशांतील हृदयाचा तराजू

मेल्यानंतर माणसाचें काय होतें, हा प्रश्न राजास पडतो तसाच नांगऱ्यासही पडतो. नाईल नदीकांठच्या प्राचीन मिसरी लोकांनीं या एका प्रश्नापायीं तीन हजार वर्षें अपार धन व श्रम वेंचले. त्यांनीं काय मानलें, आणि त्या मानण्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हें आज थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं हे परलोकाचे मंत्र राजासाठीं कोरीत. उनास राजाच्या पिरॅमिडांत, इ.स.पू. २३५० च्या सुमारास, ते प्रथम भिंतींवर आढळतात. त्याच्या आधीं दोनशें वर्षें गीझा येथें खुफू राजाचा पिरॅमिड उभा राहिला होता. त्याची मूळ उंची सुमारें ४८० फूट. गीझाचे पिरॅमिड रचणाऱ्या कामकऱ्यांचीं थडगीं इ.स. १९९० मध्यें उजेडांत आलीं. तीं मातीच्या विटांचीं व उरल्यासुरल्या दगडांचीं आहेत. पण त्यांतही भाकरीचीं व मद्याचीं गाडगीं ठेविलेलीं सांपडलीं. पुढच्या वाटेची शिदोरी गरिबानेंही बांधली होती.

देह टिकला तरच जीवास आसरा, अशी त्यांची समजूत. म्हणून श्रीमंताचें प्रेत खारांत सुकवून, राळ व तेल लावून, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळीत. सर्व विधीस ७० दिवस लागत. मेंदू निरुपयोगी म्हणून टाकून देत. हृदय मात्र जागच्या जागीं ठेवीत, कारण बुद्धि व आठवण तेथेंच वसते असें ते मानीत. गरिबाचें प्रेत चटईंत गुंडाळून वाळूंत पुरीत.

आतां न्यायाची गोष्ट ऐका. मेलेला माणूस ओसायरिस देवाच्या दरबारीं जाई. तेथें ४२ न्यायदेवता बसलेल्या. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस देव तराजू धरी. एका पारड्यांत हृदय, दुसऱ्यांत सत्याचें पीस. मापांत खोट केली नाहीं, वाहतें पाणी अडविलें नाहीं, गुरांना कुरणांतून हुसकलें नाहीं, लेंकराच्या तोंडचें दूध काढलें नाहीं, असा निर्वाळा त्या माणसास द्यावा लागे. हृदय खोटें ठरलें तर मगरीच्या तोंडाची एक राक्षसी तें गिळून टाकी, आणि मग सारेंच संपलें. शेतकऱ्यानें शेतकऱ्याचा जो अपराध केलेला असतो, त्याचीच ही चौकशी नव्हे काय?

परंतु या तराजूच्या दाराशीं दुकानही मांडलें गेलें. इ.स.पू. १५५० च्या सुमारापासून मंत्रांच्या गुंडाळ्या ऐपतवाल्यास मिळूं लागल्या. कित्येक आगाऊच लिहून ठेवीत. नांवाची जागा कोरी असे, गिऱ्हाईक आलें कीं तेवढें नांव भरीत. आनी नांवाच्या लेखनिकाची अशी एक गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. लांबी ७८ फूट. अशा पोथ्यांत एक मंत्र असे, तो आपल्याच हृदयानें आपल्याविरुद्ध साक्ष देऊं नये यासाठीं! पाणी अडविणाऱ्यासही तो विकत मिळत असलाच पाहिजे.

त्यांच्या स्वर्गांतही शेती होती. पीक माणसापेक्षां उंच, पण नांगरणी चुकलेली नाहीं. ती आपल्याऐवजीं करण्यास थडग्यांत लहान बाहुल्या ठेवीत. तुतनखामेन राजाचें थडगें इ.स. १९२२ मध्यें सांपडलें, त्यांत अशा ४१३ बाहुल्या निघाल्या: वर्षाच्या दर दिवसास एक याप्रमाणें ३६५ मजूर, आणि त्यांजवर मुकादम ४८. मेल्यावरही मुकादम सुटला नाहीं.

राजांचीं थडगीं खोदणारे व रंगविणारे कारागीर देर-अल्-मदीना या गांवीं राहत. मजुरी धान्यांत मिळे. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकीर्दींत, इ.स.पू. ११५५ च्या सुमारास, तें धान्य थकलें. तेव्हां या लोकांनीं हत्यारें खालीं ठेविलीं, आणि देवळामागें जाऊन बसले. उपासमारीनें येथें आलों, असें त्यांनीं अधिकाऱ्यांस स्पष्ट सांगितलें. ही हकीकत लिहिलेला कागद इटलींत तुरिन येथें जपून ठेविला आहे. राजाचें अक्षय घर बांधणाऱ्याच्या घरीं चूल थंड होती.

याच गांवच्या सेन्नेजेम नांवाच्या कारागिराचें थडगें इ.स. १८८६ मध्यें उघडलें. बाहुल्या त्याच्यापाशींही होत्या. पण भिंतीवरील चित्रांत तो स्वतः बैल हांकतो आहे, व मागून त्याची बायको बीं पेरते आहे. त्या नवराबायकोस स्वर्ग म्हणजे आपलेंच भरलेलें शेत वाटलें असावें.

बंधुभगिनींनो, मापाचा आणि पाण्याचा जाब मेल्यावरही द्यावा लागतो, हें मिसरी लोकांनीं ओळखलें. ती त्यांची थोरवी. त्या जाबांतून सुटण्याचा कागदही त्यांनींच विकला, व दगड फोडणाराची मजुरी थकविली. दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. जो कोणी आपणांस परलोकींचा हिशेब सांगेल, त्याचें इहलोकींचें माप आधीं तपासावें, एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.