कालयंत्र पडद्यावर



आवडत्या कादंबरीचा चित्रपट पाहून परतणारा वाचक बहुधा नाराज असतो, आणि त्याच्या नाराजीची कारणेही ठरलेली असतात. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र मनातल्यासारखे दिसले नाही, शेवट बदलला. ह्या तक्रारी मला फारशा महत्त्वाच्या वाटत नाहीत. पुस्तक दोन तासांत बसवायचे म्हटल्यावर काटछाट होणारच. आणि ती करूनही पुस्तकाचा प्राण शाबूत राखता येतो, हे आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणून दाखवून दिले आहे.

विज्ञानकादंबऱ्यांचे दुखणे निराळे आहे. तेथे यंत्र पडद्यावर येते, राक्षस येतात, आगी आणि स्फोट येतात. पण ज्या विचारासाठी लेखकाने हा सारा खटाटोप केला तो विचार तेवढा मागे राहतो. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही १८९५ साली प्रसिद्ध झालेली छोटी कादंबरी दोनदा मोठ्या पडद्यावर आली, आणि दोन्ही वेळा तिचे असेच झाले.

कादंबरीतला प्रवासी स्वतः बनवलेल्या यंत्रावर बसून इ. स. ८,०२,७०१ मध्ये जाऊन पोहोचतो. तेथे त्याला जेमतेम चार फूट उंचीची, नाजूक, फळे खाऊन हसतखेळत राहणारी माणसे भेटतात. त्यांना ईलॉय म्हणतात. काम नाही, भांडण नाही, रोगराई नाही. प्रवाशाला प्रथम वाटते, मनुष्यजात अखेर सुखाला लागली! मग त्याला जमिनीतली खोल विवरे दिसतात, त्यांतून यंत्रांची धडधड ऐकू येते, आणि अंधारात राहणाऱ्या पांढुरक्या मॉरलॉकांशी गाठ पडते. तो तर्क बदलतो. वर राहणारे ते मालकांचे वंशज आणि खाली राबणारे ते मजुरांचे. पुढे हाही तर्क अपुरा ठरतो. मालक दुबळे होत होत मॉरलॉकांची गुरे झाली आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने खालचे लोक वरच्यांना अजून कपडे पुरवतात, आणि काळोख्या रात्री त्यांना उचलून नेऊन खातात.

ही कल्पना वेल्सला आकाशातून सुचलेली नव्हती. लंडनमध्ये भुयारी रेल्वे तेव्हा धावतच होती. जमिनीखालच्या कामाच्या खोल्यांचा आणि उपाहारगृहांचा उल्लेख खुद्द प्रवासीच करतो. शिवाय वेल्सची आई ससेक्समधील अपपार्क नावाच्या वाड्यावर काही वर्षे कारभारीण होती. त्या वाड्यात नोकरांच्या येण्याजाण्यासाठी जमिनीखालून भुयारे काढलेली आहेत. वरच्या दिवाणखान्यात जेवण कोठून येते हे त्या मुलाने डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्याची कादंबरी वाचकाला विचारते, तुझे जेवण कोठून येते?

१९६० साली जॉर्ज पाल यांनी ह्या कादंबरीचा चित्रपट केला. तो वाईट मुळीच नाही. काळाचा वेग दाखवण्यासाठी समोरच्या दुकानातल्या पुतळीचे पोशाख भराभर बदलत जातात, ही युक्ती चित्रपटाची स्वतःची आहे आणि ती वेल्सलाही आवडली असती. यांत्रिक करामतींबद्दल त्याला ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. परंतु ईलॉय आणि मॉरलॉक वेगळे झाले कसे? ह्या चित्रपटाचे उत्तर आहे, युद्धामुळे. पूर्व आणि पश्चिम यांच्यात शेकडो वर्षे युद्ध चालले, हवा विषारी झाली, काही लोक जमिनीखाली गेले ते तेथेच राहिले, काही वर आले. भोंगा वाजला की ईलॉय झोपेत चालल्यासारखे खाली जातात, हा प्रसंग अंगावर काटा आणतो. अणुबाँबच्या छायेत जगणाऱ्या त्या काळाची भीती त्यात खरी उतरली आहे. परंतु बाँब टाकणारा नेहमीच कोणी दुसरा असतो. प्रेक्षक हळहळतो आणि निर्दोष सुटून घरी जातो. वेल्सच्या वाचकाला ही सोय नव्हती. संध्याकाळी गाद्यागिरद्यांवर रेलून, दुसऱ्याने मांडलेल्या ताटाची वाट पाहत तो पुस्तक वाचत होता, आणि ईलॉयांचा पूर्वज तोच होता.

२००२ सालच्या चित्रपटाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. दिग्दर्शक सायमन वेल्स हे लेखकाचे पणतू, त्यामुळे अपेक्षा होती. तेथे मानवजातीची फाळणी व्हायला चंद्र फुटावा लागतो! वसाहतीसाठी चंद्रावर सुरुंग लावले, त्यात तो फुटला, आणि पुढचे सारे घडले. प्रवाशाला यंत्र बांधायला कारणही प्रेमभंगाचे. मेलेल्या वाग्दत्त वधूला परत आणण्यासाठी त्याची धडपड. वेल्सच्या प्रवाशाला निव्वळ जिज्ञासा पुरली होती. अपघाताला कोणी जबाबदार धरीत नाही, म्हणून अपघात फार सोयीचा असतो.

शाळेत शिकवताना मला ह्याची अडचण प्रत्यक्ष येते. चित्रपट पाहिलेला मुलगा म्हणतो, "सर, ती गोष्ट मला ठाऊक आहे." त्याला खरोखरच गोष्ट ठाऊक असते. वीना त्याला माहीत असते, परंतु पुस्तकातली वीना अरण्याला लागलेल्या आगीच्या रात्री हरवते, हे माहीत नसते. चित्रपटात ती जगते. नायक ईलॉयांना मुठी आवळून लढायला शिकवतो आणि मॉरलॉकांचा नाश करतो. पुस्तकातला प्रवासी कोणालाच वाचवू शकत नाही. तो यंत्रावर उडी टाकून कसाबसा सुटतो आणि घाबरून आणखी पुढे जातो. तीन कोटी वर्षांहून अधिक पुढे, जेथे सूर्य तांबडा आणि अवाढव्य झाला आहे, समुद्र निश्चल आहे, बर्फ पडते आहे आणि कसलाही आवाज नाही. सबंध कादंबरीत ह्या चार पानांना तोड नाही. १९६० च्या चित्रपटाने ती गाळली.

त्या चित्रपटाच्या शेवटी नायक कपाटातली तीन पुस्तके घेऊन ईलॉयांकडे परत जातो, नवा समाज उभारायला. पुस्तकातला प्रवासीही पुन्हा निघतो. परंतु त्याच्या एका काखेत कॅमेरा आणि दुसऱ्या काखेत एक पिशवी असते, कारण मित्रांनी त्याच्यावर विश्वास ठेवलेला नाही आणि त्याला पुरावा आणायचा आहे. अर्ध्या तासात येतो, असे तो सांगून जातो. कथा सांगणारा मित्र तीन वर्षे वाट पाहत असतो.