श्रावकाचे परिमाणव्रत आणि भ्रमणध्वनी

(सुवर्ण महोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टची स्थापना झाली, त्या काळी बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी दूरध्वनी ही मोजक्या पेढ्यांवर आढळणारी वस्तू होती. मुंबईच्या आडत्याशी किंवा अहमदाबादच्या गिरणीशी बोलायचे असल्यास ट्रंककॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. आकार तीन-तीन मिनिटांच्या हिशेबाने लागत असल्याने काय बोलायचे ते आधी कागदावर टिपून ठेवले जाई. तार पाठविताना तर शब्द मोजले जात. वाणीला किंमत होती, म्हणून तिला आपोआपच परिमाण होते.

३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला भ्रमणध्वनी संवाद कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला. १५ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले, की मोजून बोलण्याचे आणि मोजून पाहण्याचे कारणच उरले नाही. जे परिमाण पैशाने घातले होते, ते पैशाबरोबरच गेले. ते आता मनुष्याने स्वतः घालावे लागेल, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्मार्टफोन हा शत्रू नव्हे. २०२० साली महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा ज्या घरी तो होता त्या घरातील मुलांचे शिक्षण त्याच्याच आधाराने चालू राहिले. पुणे, बंगळूरू किंवा परदेशी गेलेल्या मुलाचे मुख खामगाव, मलकापूर, चिखली येथील वृद्ध माता-पित्यांना त्याच्यामुळेच रोज दिसते. शेतकऱ्याला सोयाबीन-कापसाचे भाव घरबसल्या समजतात. भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लागलेला आहे. अशा साधनाचा सरसकट धिक्कार करणे हे अनेकांत दृष्टीला शोभणारे नाही.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. श्रावकाच्या घरी सूर्यास्तापूर्वी भोजन उरकते. चौविहार झाल्यानंतरचा काळ हा पूर्वजांनी प्रतिक्रमणासाठी, स्वाध्यायासाठी आणि घरातील माणसांशी बोलण्यासाठी राखून ठेवला होता. आज त्याच वेळी एका खोलीत पाच माणसे पाच पडद्यांसमोर बसलेली दिसतात. आजोबा शुभसंदेश पुढे पाठवीत असतात, सून मालिका पाहत असते, नातू खेळात गुंतलेला असतो. ग्राहक समोर उभा असताना दुकानदाराची नजर पडद्यावर असते. व्याख्यान चालू असताना सभामंडपात घंटी वाजते. रात्रिभोजनाचा त्याग कटाक्षाने पाळणारे घर रात्री बारापर्यंत डोळ्यांनी आणि कानांनी अखंड आहार घेत राहते, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये यावरचा उपाय शतकानुशतके नोंदलेला आहे. भोगोपभोग परिमाण व्रत वस्तूंच्या उपभोगाला मर्यादा घालते. देशावकाशिक व्रतात श्रावक ठरावीक काळापुरते आपले क्षेत्र आखून घेतो व त्यापलीकडे जाण्याचा आणि व्यवहार करण्याचा त्याग करतो. पूर्वी घराचा उंबरा न ओलांडणे म्हणजे क्षेत्रमर्यादा पाळणे असे. आज उंबऱ्याच्या आत बसलेला मनुष्य एका क्षणात हजारो मैलांवरील कलहात सामील होतो. पाय घरात असतात आणि मन बाजारात. म्हणून या व्रताची सीमा आता पडद्यापर्यंत आणून आखली पाहिजे. कापडाच्या दुकानात माप घेतल्याशिवाय थानाला कात्री लागत नाही. दिवसाच्या थानातून मात्र मोजमापाशिवाय वार फाडले जात आहेत आणि रोजमेळात त्याची नोंद कोठेच होत नाही.

याहून गंभीर विषय अनर्थदंडाचा आहे. निष्प्रयोजन घडणाऱ्या पापाला शास्त्रात अनर्थदंड म्हटले आहे आणि त्याच्या प्रकारांत दुःश्रुतीचा, म्हणजे मन कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकण्याचा, समावेश केला आहे. याचे उदाहरण शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. पाण्याची तपासणी झाली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञ डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या अभ्यासात गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे निर्देश झाला. शास्त्रज्ञ शांतपणे कारण शोधत असताना भ्रमणध्वनीवर मात्र त्या ग्रामस्थांची छायाचित्रे थट्टेचा विषय झाली होती. ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले, संसर्गाची धास्ती पसरली. विद्यार्थ्यांना शिक्षणात अडचणी आल्याची आणि जुळत आलेले विवाह मोडल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. केस पुढे अनेकांचे परत आले. पण ज्या मुलीचा विवाह मोडला, तिच्या दुःखात दूर बसून हसत हसत चित्रफीत पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाचा वाटा आहे. त्यांपैकी कोणाच्याही मनात वैर नव्हते आणि कोणाचा त्यात लाभही नव्हता. अनर्थदंड म्हणतात तो हाच.

काही वेळा तर प्राण जातात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मुले पळविण्याच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरत होत्या. कृत, कारित आणि अनुमोदित असा हिंसेचा त्रिविध विचार ज्या धर्माने केला, त्याच्या अनुयायांनी यातील बोध विशेषत्वाने घेतला पाहिजे. काठी मारणारे हात काही मोजके असतात, पण त्या हातांपर्यंत असत्य पोहोचविणारी बोटे असंख्य असतात. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पाठविता येऊ नये, असे बंधन जाहीर केले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला परिमाण घालावे लागले! ज्यांच्या घरी परिमाणव्रताची परंपरा आहे, त्यांनी ते आधीच घालावयास हवे होते. बोलताना वायुकायिक जीवांची विराधना होऊ नये म्हणून मुखावर मुहपत्ती धरली जाते. बोटांसाठीही तशा एखाद्या मुहपत्तीची आज आवश्यकता आहे.

मर्यादा घालायची ती कोणी आणि कोणावर, यासंबंधी समाजात दोन मते आहेत. महाराष्ट्रातील दोन गावांनी यावर केलेले प्रयोग अभ्यासण्यासारखे आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या भ्रमणध्वनी वापरावर बंदीचा ठराव केला. हेतू निःसंशय चांगला होता. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळा मार्ग धरला. स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला गावातील महिलांची सभा झाली आणि भोंगा बसविण्याचे ठरले. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो, तेव्हा घराघरांतील दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद होतात व साडेआठपर्यंत बंद राहतात, अशी ती योजना. मुले अभ्यासाला आणि मोठी माणसे वाचनाला व संभाषणाला बसतात. प्रारंभी हे जमेल का अशी शंका होती. आशा व अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, तेव्हा ते जमले.

या दोहोंतील फरक सूक्ष्म आहे. एका ठिकाणी मोठ्यांनी मुलांवर नियम घातला. दुसऱ्या ठिकाणी गावाने तो स्वतःवर घातला. हाती फोन धरून ‘तू फोन ठेव’ असे सांगणाऱ्या पित्याचे वचन मुलाच्या मनात उतरत नाही. त्यातही काही घरी मुलाला मोकळीक आणि मुलीवर तेवढे बंधन, असा दुजाभाव दिसतो. तो तर सर्वथा अनुचित होय. व्रत हे स्वतः घ्यावयाचे असते, दुसऱ्यावर लादावयाचे नसते.

आणखी एक गोष्ट वडगावने दाखवून दिली. एकट्याने केलेला निश्चय दोन दिवसांत ढळतो, कारण दुसऱ्यांचे संदेश येतच राहतात. सर्वांनी एकाच वेळी यंत्र खाली ठेवले, तर कोणाचे काही राहून जात नाही. पर्युषणात लहान मुलेसुद्धा सहज उपवास करतात, ते सारा संघ उपवास करीत असतो म्हणून. मध्य प्रदेशातील रायसेन जिल्ह्यात बेगमगंज येथील जैन समाजाने २०२२ च्या पर्युषण काळात २४ तास भ्रमणध्वनी व इंटरनेटचा त्याग करून असाच सामूहिक उपवास केला. तो अभिनंदनीय आहेच. तथापि वर्षातून एक दिवसाचा त्याग करून उरलेले दिवस मोकळे सोडण्यापेक्षा रोजची अल्प मर्यादा अधिक फलदायी ठरेल.

काही अडचणी खऱ्या आहेत. डॉक्टरांना, रुग्ण असलेल्या घराला, बाहेरगावी शिकणाऱ्या मुलीच्या माता-पित्यांना फोन पूर्ण बंद ठेवता येणार नाही. संध्याकाळ ही बाजारपेठेच्या गर्दीचीही वेळ असते. म्हणून घंटी वाजण्यापुरता फोन चालू असावा, पण पडदा उघडू नये. दुकान वाढविल्यानंतर घरी आल्यावर ती वेळ पाळली तरी चालेल. व्रतात आगार म्हणजे सवलती ठेवण्याची पद्धत आहेच.

शेवटी क्षमापनेविषयी. पूर्वी संवत्सरीनंतर व्यापारी छापील क्षमापना पत्रे पाठवीत आणि ज्याच्याशी खरोखर बिनसले असेल त्याच्या दारी स्वतः जात. आता एकच चित्र तीनशे जणांना क्षणात जाते, आणि ज्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून अबोला आहे त्यालाही तेच चित्र तसेच जाते. तो ते न उघडताच पुसून टाकतो. ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे शब्द दोन्ही घरी पोहोचले, पण दार कोणाचेच उघडले नाही.

सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त ट्रस्टने इमारतीचा जीर्णोद्धार आणि शिष्यवृत्ती यांबरोबर एक संकल्प विचारात घ्यावा. प्रत्येक घराने रोज एक सामायिक, म्हणजे ४८ मिनिटे, सर्व पडदे बंद ठेवावेत. ज्यांना शक्य असेल त्यांनी त्या वेळात सामायिक करावे, इतरांनी मुलांजवळ बसावे. खातरजमा न केलेला संदेश पुढे न पाठविण्याचा नियम घ्यावा. आणि येत्या संवत्सरीला किमान एका घरी, जिथे जाणे सर्वांत कठीण वाटते तिथे, फोन न करता प्रत्यक्ष जावे.

जय जिनेंद्र.