नाही म्हटल्यावर काय होतं?

प्रेमकथा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायला नको. पण अमेरिकेत प्रेमकथांचं एक वेगळंच कपाट आहे. ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचं. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' ही कादंबरी १९७९ साली आली आणि या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला. पुढे याच कपाटात एक खण खास चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी तयार झाला. यातल्या नायक-नायिका प्रेमात पडतात, रुसतात, रडतात. पण प्रार्थनाही करतात आणि लग्नाआधी एका मर्यादेपलीकडे जात नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत कविता करणाऱ्या एका मुसलमानाला या कपाटाशी काय देणंघेणं? त्याचं कारण माझी धाकटी मुलगी. ती अकरावीत असताना तिच्या वसईच्या मैत्रिणीनं तिला असं एक पुस्तक दिलं. मुलगी जे वाचते ते बापानं वाचावं, या सवयीनं मीही ते वाचलं, आणि मग त्या मालिकेतली आणखी काही वाचली.

पुस्तक होतं रॉबिन जोन्स गन या लेखिकेचं 'समर प्रॉमिस'. १९८८ सालचं. चर्चमधल्या किशोरवयीन मुलींबरोबर काम करताना त्यांच्या हाती द्यावी अशी कादंबरी सापडेना, म्हणून बाईंनी स्वतःच लिहायला घेतली. ख्रिस्टी मिलर नावाची चौदा वर्षांची मुलगी सुट्टीत काका-काकूंकडे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी येते. तिथं तिला टॉड नावाचा, लाटांवर फळी घेऊन खेळणारा मुलगा भेटतो. मालिकेची पुस्तकं बारा. त्यानंतर कॉलेजच्या वर्षांवरची आणखी तीन. दोघांचं लग्न होतं ते त्या पंधराव्या पुस्तकात! आपल्या सिनेमात एवढ्या वेळात नातवंडं झाली असती.

मला त्यातली ही सबुरी आवडली. दोघं एकमेकांशी बोलतात. एकटी बसत नाहीत, भोवती मित्रमैत्रिणींचा घोळका असतो. घरातल्या मोठ्यांना तो मुलगा ठाऊक असतो. आपल्याकडे काय होतं बघा. वयात आलेल्या मुलामुलीच्या ओढीला आपल्या घरात शब्द आहेत ते 'भानगड', 'प्रकरण' आणि 'लफडं'. घराबाहेर पडलं की कट्ट्यावर एकच शब्द, 'पटवणं'. घरातला शब्द गुन्ह्याचा, कट्ट्यावरचा शिकारीचा. या दोहोंच्या मधला, सोळाव्या वर्षी मोकळेपणानं आईबापांपुढे उच्चारता येईल असा शब्द आपण मुलांना दिलेलाच नाही. या पुस्तकांनी निदान त्यांच्या वाचकांना तो दिला.

पण ही पुस्तकं एका मोठ्या चळवळीच्या आसपास वाढली, तीही पाहायला हवी. १९९३ साली अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट पंथीयांनी 'ट्रू लव्ह वेट्स' ही मोहीम सुरू केली. लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवणार नाही, अशा शपथेचं कार्ड मुलामुलींनी भरायचं. जुलै १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अशी दोन लाखांहून अधिक कार्डं मांडली गेली. १९९७ साली जोशुआ हॅरिस या विशीतल्या तरुणानं पुस्तक लिहिलं, 'आय किस्ड डेटिंग गुडबाय'. लग्नाचा विचार नसेल तर मुलामुलींनी जोडीनं फिरूच नये, असा त्याचा सांगावा. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

हेतू वाईट नव्हता. पण परिणाम? पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. शपथ घेतलेली मुलं पहिला शरीरसंबंध सरासरी दीड वर्ष पुढे ढकलत होती. हे काही थोडं नाही. पण ज्यांची शपथ मोडली, त्यांच्यात त्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण इतरांहून कमी आढळलं. जी गोष्ट करायचीच नाही, तिची तयारी कोण करणार? आणि २०१८ साली खुद्द हॅरिस यांनी आपल्या पुस्तकामुळे लोक दुखावले, असं म्हणून माफी मागितली आणि पुस्तक यापुढे छापायचं नाही असं जाहीर केलं. अनेक वाचक तेव्हा सांगत होते की त्या शिकवणीनं आमच्या मनात नात्याबद्दल ओढीऐवजी भीती आणि लाज भरली. त्यातही सांभाळायची जबाबदारी बहुतेक मुलीवर. तिनं कपडे जपून घालायचे, म्हणजे त्याचं मन ढळणार नाही.

हे वाक्य आपल्याही ओळखीचं आहे, नाही का? भाषा आणि धर्म बदलला तरी ते बदलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. किशोरवयीन नातं निरोगी आहे की नाही, हे आपण फक्त एका रेषेवरून ठरवतो. रेष ओलांडली की नाही? त्याहून आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या नात्यात एकानं 'नाही' म्हटलं, तर दुसरा काय करतो?

गंमत म्हणजे ख्रिस्टीच्या मालिकेतच याचं उत्तम उदाहरण आहे. टॉडनं ख्रिस्टीला एक ब्रेसलेट दिलेलं असतं. त्यावर कोरलेलं असतं 'फॉरएव्हर', म्हणजे कायमचं. पुढे टॉड दूर असताना रिक नावाचा देखणा, लाघवी मुलगा तिच्या आयुष्यात येतो. एके दिवशी तो ते ब्रेसलेट तिला न विचारता लांबवतो, दुकानात देऊन टाकतो आणि त्याच्या बदल्यात स्वतःचं नाव कोरलेलं ब्रेसलेट तिला भेट देतो! रिकनं त्या रेषेला हातही लावलेला नाही. शपथेच्या कार्डावर तो पास आहे. पण ते नातं निरोगी नाही, हे वाचणाऱ्या पोरीला लगेच कळतं.

हे पुस्तक वाचत असतानाच माझ्या मुलीनं मला तिच्या वर्गातल्या एका मुलीबद्दल सांगितलं. तिच्या मित्राला तिच्या मोबाइलचा पासवर्ड हवा होता. "काळजी वाटते म्हणून मागतो, असं म्हणतो, अब्बा." ती मुलगी देत नाही म्हटल्यावर तो दोन दिवस जेवला नाही आणि ते त्यानं सगळ्या वर्गाला कळवलं. मुलींमध्ये मतं दोन. काहींना वाटलं, किती प्रेम करतो! माझी मुलगी म्हणाली, "हा रिकच आहे." कादंबरीचं याहून मोठं काम कुठलं? गोष्टीतल्या माणसाच्या नावानं खऱ्या माणसाची ओळख पटली.

मी गझलेच्या अंगणात वाढलेला माणूस. आमच्या त्या सुंदर परंपरेत आशिक नकार ऐकूनही प्रियेच्या गल्लीत पडून राहतो आणि त्याची वाहवा होते. कवितेत ती तडफ शोभते. पण गझलेत प्रिया बहुधा बोलतच नाही, तिच्या वतीनंही शायरच बोलतो. हा रिवाज शाळेच्या फाटकापर्यंत आला की त्याला आपण 'मजनूगिरी' म्हणतो आणि मुली रस्ता बदलतात. दुसरीकडे आमच्याच निकाहात वकील आणि दोन साक्षीदार मुलीची मंजुरी विचारायला जातात. तिच्या होकाराविना निकाह नाही. तिथंही लाजून गप्प राहणं हाच होकार धरायची रीत पडली. खरं तर विचारणारा थांबून उत्तर ऐकतो, यातच त्या रिवाजाचं मोल आहे.

आणि मराठीला हे अगदीच परकं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची, आणि तिचे लेखक बाबा पदमनजी हे ख्रिस्ती. त्या कादंबरीतही धर्मप्रचार आहे, तो लपलेला नाही. पण यमुना आणि विनायक हे तरुण नवरा-बायको प्रवास करतात, वाटेत भेटलेल्या विधवांची दुःखं ऐकतात आणि त्यावर एकमेकांशी बोलतात. बायकोशी बोलणारा आणि तिचं ऐकणारा नवरा मराठी कादंबरीत पहिल्याच पावलाला भेटतो.

तेव्हा मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. कुठल्याही धर्माचं असो किंवा कुठल्याच धर्माचं नसो, ते वाचा आणि जेवताना त्यावर बोला. यातल्या मुलीनं 'नाही' म्हटल्यावर मुलगा काय करतो? मुलानं नकार दिला तर मुलगी काय करते? तो भेटायला लागल्यापासून तिच्या मैत्रिणी वाढल्या की तुटल्या? तिला त्याची भीती वाटते का? हे प्रश्न गोष्टीतल्या पात्रांबद्दल विचारता येतात, म्हणून घरात सोपे जातात. उद्या आपलं पोर स्वतःबद्दल काही सांगायला आलं, तर त्याला सुरुवात कुठून करायची ते ठाऊक असेल. तेव्हा मात्र 'भानगड' हा शब्द तोंडातच ठेवा आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.